परिवीक्षा सेवा : अनुभवी अधिकाऱ्यांची वाण

अपराध्यास तुरुंगात न धाडता, ठरावीक अटींवर व अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली समाजात राहू देण्याच्या पद्धतीस परिवीक्षा म्हणतात. भारतात तिला १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचा आधार आहे. इंग्लंडमध्ये असा कायदा १९०७ मध्येच झाला. अपराध्यास सल्ला देणे, साहाय्य करणे व त्याचा मित्र होणे ही कर्तव्ये त्याने अधिकाऱ्यावर सोपविली. पुढे तुरुंगातून सुटलेल्यांवरील देखरेखही इंग्लंड व वेल्समध्ये याच सेवेकडे आली.

या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण दीर्घकाळ समाजकार्याच्या शिक्षणाशी निगडित होते. १९९५ मध्ये गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांनी ती अट रद्द केली आणि १९९८ पासून स्वतंत्र पदविका सुरू झाली. सध्याच्या मुख्य अभ्यासक्रमात पदवीधर उमेदवार पूर्वशिक्षणानुसार १५ किंवा २१ महिने प्रत्यक्ष काम करीत शिकतो. त्यासाठी कार्यालयात जाणत्या सहकाऱ्यांचे मार्गदर्शन आवश्यक असते.

संघटनेत मात्र वारंवार बदल झाले. २००१ मध्ये राष्ट्रीय सेवा स्थापन झाली. २०१४ मध्ये मंत्री ख्रिस ग्रेलिंग यांच्या कारकिर्दीत ३५ परिवीक्षा न्यास मोडीत काढण्यात आले. अधिक धोकादायक अपराधी शासकीय सेवेकडे राहिले, तर उर्वरितांची जबाबदारी २१ कंपन्यांकडे गेली. कर्मचाऱ्यांचीही अशीच विभागणी झाली. ही रचना मुळातच सदोष असल्याचे २०१९ मध्ये तत्कालीन मुख्य निरीक्षक ग्लेनिस स्टेसी यांनी बजावले. अखेर जून २०२१ मध्ये सेवा पुन्हा एकत्र आणून शासनाकडे घेण्यात आली.

सेवेची तपासणी स्वतंत्र निरीक्षणालय करते. ते कार्यालयांना श्रेणी देते, गंभीर प्रकरणांची छाननी करते आणि शिफारशी करते. जून २०२२ मध्ये पूर्व लंडनमध्ये एका तरुणीची हत्या झाली. मारेकरी नऊच दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटला होता. त्याच्यापासूनचा धोका 'उच्च' असताना तो 'मध्यम' ठरविण्यात आला होता आणि त्याला पुन्हा तुरुंगात पाठविण्याच्या कार्यवाहीसही विलंब झाला, असा निष्कर्ष निरीक्षणालयाने जानेवारी २०२३ मध्ये मांडला. कर्मचाऱ्यांवरील कामाच्या अतिभाराकडेही या अहवालाने लक्ष वेधले.

सप्टेंबर २०२४ पासून तुरुंगांतील गर्दी कमी करण्यासाठी अनेक कैद्यांना शिक्षेच्या ५० ऐवजी ४० टक्के काळानंतर सोडण्यात येऊ लागले आणि हा भार वाढला. नवी भरती करून रिक्त पदे भरता येतात. परंतु कागदपत्रांतील विखुरलेल्या खुणांवरून धोका ओळखण्याची नजर अनुभवानेच येते. अनुभवी अधिकारी सेवा सोडून गेले, तर नवोदितांना शिकविणारेही उरत नाहीत. निरीक्षक ही उणीव दाखवून देऊ शकतो. ती भरून काढण्याची जबाबदारी मात्र शासनाचीच आहे.