एक वाक्य, दोन देश

गेल्या रविवारी पुण्याहून मावसभावाचा फोन आला. "दादा, नवीन नोकरी मिळाली रे, पगारही बरा आहे. पण जुनी कंपनी म्हणते, तू सही केली आहेस, सोडल्यावर दोन वर्षं आमच्यासारखं काम करणाऱ्या कंपनीत जाता येणार नाही. आता काय करू?" पठ्ठ्या रात्रभर झोपला नव्हता, हे आवाजावरूनच कळत होतं.

मला माझी गोष्ट आठवली. पीएचडी आटोपून बॉस्टनजवळ पहिली नोकरी धरली तेव्हा असाच एक कागद पुढे आला होता. नोकरी सोडल्यावर वर्षभर प्रतिस्पर्धी कंपनीत पाऊल ठेवायचं नाही. डोक्यात व्हिसाची काळजी, त्यामुळे नीट न वाचताच सही ठोकली. पुढे दुसऱ्या कंपनीकडून चांगलं बोलावणं आलं आणि त्या एका ओळीच्या धाकाने मी नाही म्हटलं. नंतर त्या ओळीचं मूळ शोधत बसलो. (इंजिनिअरची खोड, दुसरं काय!)

गोष्ट बरीच जुनी आहे. १४१४ साली इंग्लंडमध्ये जॉन डायर नावाच्या रंगाऱ्याने लिहून दिलं होतं की सहा महिने मी या गावात रंगाऱ्याचा धंदा करणार नाही. मामला कोर्टात गेला, तर न्यायाधीश रंगाऱ्यावर नव्हे, लिहून घेणाऱ्यावरच उखडले. तो इथे हजर असता तर दंड भरेपर्यंत तुरुंगात घातला असता, म्हणाले! माणसाचं पोट बांधून घेणारा कागद त्यांना मुळातच मान्य नव्हता. पण १७११ पासून इंग्लिश कोर्टांचा सूर मवाळ झाला. बंधन ठरावीक जागेपुरतं, ठरावीक काळापुरतं आणि रास्त असेल तर चालेल. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी हाच धडा गिरवला. माझं मॅसॅच्युसेट्सही त्यातलंच (२०१८ च्या कायद्याने तिथे आता साधारण एक वर्षाची मर्यादा आहे).

न्यूयॉर्कचे एक वकील होते, डेव्हिड डडली फील्ड. सगळा कायदा कलमवार लिहून काढायचा त्यांना ध्यास. १८६५ साली त्यांच्या दिवाणी कायद्याचा मसुदा तयार झाला. त्यात एक छोटंसं वाक्य होतं. त्याचा अर्थ असा: कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून कोणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. 'रास्त असेल तर' वगैरे पळवाट नाही. चालता धंदा नावलौकिकासकट विकला तर मात्र थोडी सवलत.

गंमत म्हणजे न्यूयॉर्कने तो मसुदा कधीच स्वीकारला नाही. पण १८७२ या एकाच वर्षी ते वाक्य जगाच्या दोन टोकांना कायदा झालं. एक कॅलिफोर्नियात, आणि दुसरं? आपल्या भारतीय करार कायद्यात, कलम २७ म्हणून! साहेबाने स्वतःच्या देशात जे ठेवलं नाही, ते आपल्याला दिलं.

कॅलिफोर्नियात त्याचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. १९५७ साली शॉकली यांच्या प्रयोगशाळेतून आठजण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. तिथून नॉइस आणि मूर १९६८ साली निघाले आणि इंटेल जन्मली. रोनाल्ड गिल्सन या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९९९ साली मांडलं की सिलिकॉन व्हॅली बॉस्टनच्या पुढे गेली त्यात या जुन्या कलमाचा मोठा हात आहे. माणसं मोकळी फिरली, त्यांच्याबरोबर डोक्यातलं ज्ञानही फिरलं. हे एकच कारण नसेल, पण बॉस्टनजवळ अडकून बसलेल्या मला ते पटायला वेळ लागला नाही.

मग भारतात काय? १८७४ साली कलकत्त्यात एका दुकानदाराने शेजारच्याला सांगितलं, तू इथलं दुकान बंद कर, तुझ्या कारागिरांना दिलेली उचल मी भरतो. त्याने दुकान बंद केलं, याने पैसे दिले नाहीत. हायकोर्ट म्हणालं, करारच रद्द, पैसे कसले मागतोस! म्हणजे कलमाची धार दोन्हीकडून लागते.

आपल्याला जवळचा खटला कल्याणचा. सेंचुरी रेयॉनमध्ये टायर कॉर्डच्या धाग्याच्या विभागात गोलिकारी नावाचे शिफ्ट सुपरवायझर होते. १९६३ पासून पाच वर्षांचा करार. परदेशी तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण घेतलं आणि १९६४ मध्येच कोट्याच्या कंपनीत गेले. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने निकाल त्यांच्याविरुद्ध दिला. का? तर पाच वर्षांची मुदत संपलेली नव्हती, आणि बंधन त्या मुदतीपुरतंच होतं. उलट २००६ साली आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या खटल्यात, करार संपल्यावरही त्याला बांधू पाहणारं कलम कोर्टाने लागू होऊ दिलं नाही.

थोडक्यात काय, तर करार चालू असताना बंधन घालता येतं. संपल्यावर माणूस मोकळा. मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. कंपनीची गुपितं बाहेर नेली तर कायदा सोडत नाही. आणि 'मुदतीआधी सोडलं तर इतके पैसे भर' हा बाँड वेगळा. विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांआधी सोडल्याबद्दलचा दोन लाखांचा बाँड सुप्रीम कोर्टाने २०२५ साली वैध ठरवला.

भावाला हे सगळं सांगितलं. "म्हणजे मी जाऊ शकतो?"

"मी इंजिनिअर आहे रे, वकील नाही. कागद घेऊन वकिलाकडे जा आणि बाँड आहे का ते आधी विचार. पण दोन वर्षांच्या त्या ओळीला घाबरून नोकरी सोडू नकोस. ती चूक मी करून बसलोय. आणि माझ्या राज्यात तर ते वाक्य नव्हतंच. तुझ्या देशात दीडशे वर्षांपासून आहे."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "दादा, हे आम्हाला सही करताना कोणी सांगत का नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून हे लिहिलं.