स्निग्धांश आणि तृप्ती

आहारातील तेल, तूप, लोणी व तेलबियांचा भुकेवर आणि जेवणानंतरच्या तृप्तीवर होणारा परिणाम. तेल-तुपाचे जेवण पोटात जास्त वेळ टिकते, हे खरे. पण त्यामुळे माणूस एकूण कमी खातो, असे मात्र दिसत नाही.

स्निग्धांश पचू लागल्याशिवाय तृप्तीचा संदेश निघत नाही. लायपेज या विकरामुळे वसाम्ले सुटी झाली, की लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कोलेसिस्टोकायनिन हे हॉर्मोन स्रवते. त्यामुळे जठर सावकाश रिकामे होते आणि व्हेगस चेतेमार्फत मेंदूला पोट भरल्याची खबर लागते. १९७३ मध्ये गिब्स, यंग व स्मिथ यांनी हे हॉर्मोन टोचलेल्या उंदरांचे खाणे घटल्याचे दाखवले. स्निग्धांश लहान आतड्याच्या शेवटापर्यंत पोहोचला, तर तेथील पेशी पीवायवाय व जीएलपी-१ ही हॉर्मोने स्रवतात आणि अन्नाची पुढची चाल आणखी मंदावते.

वसाम्लाच्या साखळीत १२ किंवा अधिक कार्बन असतील, तरच कोलेसिस्टोकायनिन जोमाने स्रवते. ८ ते १० कार्बनांची वसाम्ले थेट यकृतात जाऊन लवकर जळतात. ती दिल्यावर पुढचे जेवण कमी झाल्याचे काही प्रयोगांत आढळले. हा गुण सर्रास खोबरेल तेलाला चिकटवला जातो, ते चूक आहे. त्यात जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते, म्हणजे १२ कार्बनांचे. ८ व १० कार्बनांचा वाटा अगदी थोडा. ऑलिव्ह व शेंगदाणा तेलातील ओलेइक आम्लापासून आतड्यात बनणारे एक संयुग उंदरांची भूक कमी करते. माणसांत मात्र संतृप्त आणि असंतृप्त स्निग्धांशांच्या तृप्तीत ठाम फरक आढळलेला नाही.

खरी अडचण उष्मांकांची. १ ग्रॅम स्निग्धांशातून ९ किलोकॅलरी मिळतात, प्रथिने व कर्बोदकांतून ४. पोळीवर चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, तूप घातले तर ४५ किलोकॅलरी वाढतात. ताटाचा आकार तेवढाच राहतो. सिडनीत सुझॅना होल्ट व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २४० किलोकॅलरींचे सारखे वाटे देऊन दोन तासांची तृप्ती मोजली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तेव्हा उकडलेल्या बटाट्याला ३२३ आणि लोण्याने भरलेल्या क्रोसाँला ४७ गुण मिळाले.

पदार्थाचे रूपही महत्त्वाचे. अख्खे शेंगदाणे नीट चावले, तरी काही तेल पेशींच्या भिंतींआड अडकून न पचता शौचावाटे जाते. दाण्यांचे बारीक कूट केले, की त्या भिंती फुटून तेल मोकळे होते आणि अधिक शोषले जाते.