झिगीचा बासवाला
डेव्हिड बोवी म्हटलं की लाल केस आणि चमचमते कपडे आठवतात. पण बास कोण वाजवायचं? ट्रेव्हर बोल्डर. इंग्लंडमधल्या हल गावचा, जन्म १९५०चा. ‘हंकी डोरी’, ‘झिगी स्टारडस्ट’, ‘अलॅडिन सेन’, तिन्हींत तोच.

मग आला ३ जुलै १९७३. लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीने स्टेजवरूनच सांगून टाकलं, हा आपला शेवटचा शो! गिटारवाल्या मिक रॉन्सनला आधीच ठाऊक होतं. बोल्डर आणि ड्रमर वूडमन्सी यांना मात्र प्रेक्षकांबरोबरच कळलं.

बोल्डरने बोवीसोबत आणखी एक अल्बम केला, १९७६ मध्ये ‘युराया हीप’ गाठलं आणि मधली दोनेक वर्षं सोडता २०१३ मध्ये कॅन्सरने जाईपर्यंत तिथेच वाजवत राहिला. झिगी जेमतेम दीड वर्ष टिकला मंडळी, त्याचा बासवाला चाळीस!