तबकडी झेलणे (श्वानक्रीडा)

माणसाने फेकलेली तबकडी कुत्र्याने धावत जाऊन, ती जमिनीवर पडण्याआधी तोंडात पकडण्याचा खेळ. तबकडीला सर्रास फ्रिसबी म्हणतात. मुळात ते व्यापारी नाव आहे.

इतिहास : अमेरिकेतील व्हॅम-ओ कंपनीने फ्रेड मॉरिसन यांची प्लॅस्टिकची तबकडी 1957 मध्ये बाजारात आणली. कुत्र्यांचा खेळ गाजला तो 5 ऑगस्ट 1974 रोजी. लॉस अँजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर बेसबॉलचा सामना रंगलेला असताना अ‍ॅलेक्स स्टाइन हा विद्यार्थी अ‍ॅश्ली व्हिपेट या आपल्या कुत्र्यासह मैदानात शिरला. सामना थांबला, अ‍ॅश्लीच्या उड्या दूरचित्रवाणीवर देशभर दिसल्या आणि स्टाइनला अटक झाली. पुढे 1975, 1976 आणि 1977 या तिन्ही वर्षी जागतिक स्पर्धा अ‍ॅश्लीने जिंकली. व्हिपेट ही नजरेने शिकार हेरणारी सडपातळ जात. महाराष्ट्रातील कारवानी कुत्रा याच गटातला. मात्र खेळाला जातीची अट नाही. चपळ गावठी कुत्राही तो शिकतो.

झेलाचे तंत्र : स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तबकडी डळमळत नाही आणि हवेच्या आधारावर चेंडूपेक्षा जास्त वेळ तरंगते. कुत्र्यांच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बसवून केलेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. तबकडी आपल्या नजरेत सरळ रेषेत सरकत राहील अशा बेताने कुत्रा धावतो, असे त्यात दिसले. बेसबॉलचे खेळाडूही झेल घेताना हेच करतात. कुत्र्याला निळा व पिवळा रंग स्पष्ट दिसतो, तांबडा हिरवळीत हरवतो. म्हणून तबकडी निळी किंवा पिवळी, मऊ आणि हलकी घ्यावी.

शिकवण : सुरुवात जमिनीवरून करतात. काही दिवस तबकडीतच खाऊ द्यावा. मग ती हातात धरून कुत्र्याला ओढू द्यावी. पुढे ती चाकासारखी घरंगळत सोडावी. कुत्रा पाठलाग करून ती उचलतो. त्यानंतर चार-पाच फुटांवर, जमिनीला समांतर आणि कुत्र्याच्या तोंडावर न येता पुढे जाईल अशी फेकावी. अंतर सावकाश वाढवावे. आणलेली तबकडी हिसकावू नये. दुसरी दाखवली की कुत्रा पहिली आपणहून सोडतो. उंच उडी सर्वांत शेवटी येते. हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दीड वर्षाच्या वयापर्यंत, उड्या मारायला लावू नयेत.

आदिलाबाद जिल्ह्यातील सराव : पैनगंगेकाठच्या या जिल्ह्यात घरोघरी मराठी, तेलुगू, गोंडी कानावर पडते. ‘धर’ म्हणावे की ‘पट्टु’, हे आधी ठरवून घरातल्या सर्वांनी तोच शब्द वापरावा. शब्द बदलला की कुत्रा गोंधळतो. येथील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात चिखल होतो; दोन्हींत पाय मुरगळतो. कापूस वेचलेल्या शेतातील पऱ्हाटीचे खुंट टोचतात. सपाट, गवताळ मैदान उत्तम. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि कुत्र्याला शरीराची उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकावी लागते. म्हणून उन्हाळ्यात सराव पहाटेच, दहा मिनिटांपुरता, पाणी जवळ ठेवून करावा. थंडीच्या सकाळी आधी थोडे चालवून अंग मोकळे करावे. खेळात रंगलेला कुत्रा दमला तरी धावत राहतो, त्यामुळे त्याला दम लागण्याआधीच फेकणाऱ्याने तबकडी खाली ठेवावी.