कोळंबीच्या तळ्यांचं अभयारण्य झालं, त्याची गोष्ट

सिंगापूरला गेलेली आपली माणसं मर्लायन, सेंटोसा आणि मुस्तफा एवढं करून परत येतात. मीही त्यातलाच. पण शेवटच्या दिवशी अर्धा दिवस मोकळा होता, म्हणून उत्तरेला क्रांजीकडं गेलो आणि सुंगेई बुलोहची पाणथळ बघून आलो. तिकीट नाही. समोर जोहोरची सामुद्रधुनी, पलीकडं मलेशियातल्या इमारती आणि मधल्या चिखलात चोची खुपसत फिरणारे पाहुणे पक्षी.

मला वाटलं होतं, राखून ठेवलेलं जुनं जंगल असेल. तसं नाही. ही चक्क कोळंबीची आणि माशांची तळी होती. बांधाला दार असायचं. भरतीला ते उघडलं की पाण्याबरोबर कोळंबीची पिल्लं आत यायची. ती वाढली की ओहोटीला पाणी सोडायचं आणि दाराशी जाळं लावायचं. गोव्याकडच्या मित्रांना हे नवीन नाही. तिथल्या खाजणात अशाच दाराला मानस म्हणतात.

1986 मध्ये मलायन नेचर सोसायटीच्या सिंगापूर शाखेतल्या पक्षीनिरीक्षकांना या भागाचं मोल कळलं. तेव्हा इथं आधुनिक शेतीचा प्रकल्प आणायचं सरकारच्या डोक्यात होतं. या मंडळींनी नुसती ओरड केली नाही. कोणते पक्षी येतात, ते इथंच का येतात, हे मांडून सरकारला रीतसर प्रस्ताव दिला. 1989 मध्ये 87 हेक्टर जागा निसर्ग उद्यान म्हणून राखली गेली. 6 डिसेंबर 1993 ला पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी उद्घाटन केलं. 2002 मध्ये क्षेत्र 130 हेक्टर झालं आणि त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं.

आता पक्ष्यांना तळी कशाला? सैबेरियाकडून ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर निघालेले हे पक्षी ओहोटीला उघड्या चिखलात किडे, शिंपले वेचतात. भरती आली की चिखल बुडतो आणि त्यांना टेकायला जागा उरत नाही. मग जुन्या तळ्यांचीच दारं वापरून काही तळ्यांत पाणी मुद्दाम कमी ठेवतात. पक्षी तिथं विसावतात. कोळंबीसाठी केलेली सोय पक्ष्यांच्या कामी आली.

उगाच कौतुक नको म्हणून हेही सांगतो. त्याच शहरात सेनोको नावाची पक्ष्यांची दुसरी जागा हजारो सह्या होऊनही घरबांधणीत गेली. म्हणजे तिथंही प्रत्येक लढाई जिंकली गेली नाही.

आता आपल्याकडं या. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर बघा. गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात सिंचनासाठी बंधारा झाला. मागं गाळ साठला, गवत आलं, पक्षी आले. 1986 मध्येच, म्हणजे त्याच वर्षी, ते अभयारण्य जाहीर झालं आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तेही माणसानंच केलेलं.

आणि आपला 2017 चा पाणथळ नियम काय म्हणतो? पिण्याचं पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मीठ यांसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतच धरायचे नाहीत. म्हणजे सुंगेई बुलोहची तळी आपल्याकडं असती, तर या व्याख्येत बसलीच नसती. गावोगावचे पाझर तलाव आणि जुने बंधारे आज याच फटीत अडकलेत. भराव टाकणाऱ्याला एवढंच पुरतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. यंदाच्या हिवाळ्यात आपापल्या तळ्यावर जा. कोणते पक्षी, किती, कोणत्या तारखेला, हे वहीत लिहा आणि फोटो ठेवा. दोन-तीन वर्षांची अशी वही घेऊन ग्रामसभेत उभं राहिलं, तर निदान उत्तर तरी द्यावं लागेल. आपल्या भागातलं असं कोणतं तळं तुमच्या डोळ्यासमोर आहे, ते खाली लिहा. सुरुवात तिथून करू.