उसन्या आकड्यांचा इतिहास

भाषांच्या अभ्यासात एक समजूत दीर्घकाळ रूढ होती. शरीराचे अवयव, जवळची नाती आणि एक ते दहा हे आकडे भाषा सहसा उसने घेत नाही. म्हणून दोन भाषांचे नाते ठरवायचे तर आधी त्यांचे आकडे शेजारी मांडून पाहावेत. संस्कृत 'त्रि', ग्रीक 'त्रेइस', लॅटिन 'त्रेस' यांसारख्या उदाहरणांनी ही समजूत दृढ केली. थाई भाषेत मोजायला शिकणाऱ्याला मात्र पहिल्याच धड्यात तिची मर्यादा कळू शकते.

नुंग, सॉङ, साम, सी, हा, होक, चेत, पॅत, काव, सिप. हे थाईचे एक ते दहा. यांतील 'साम, चेत, पॅत, काव, सिप' यांच्याशेजारी कँटनीज चिनीतील 'साम, चात, बात, काउ, साप' ठेवले की साम्य लपत नाही. अकरा म्हणजे 'सिप एत'. येथे एकासाठी नेहमीचा 'नुंग' येत नाही, चिनी वळणाचा 'एत' येतो. विसाला 'सॉङ सिप' न म्हणता 'यी सिप' म्हणतात. हा 'यी' म्हणजेही चिनी दोन. आज नवशिक्याला जे अपवाद म्हणून पाठ करावे लागतात, ते खरे तर एका जुन्या सहवासाचे अवशेष आहेत. ताई भाषक दक्षिण चीनच्या परिसरात राहत होते, तेव्हा हे आकडे त्यांच्या बोलीत रुजले.

या साम्यामुळेच अनेक विद्वानांनी थाईला चिनीच्या कुळात बसवले होते. १९४२ साली पॉल बेनेडिक्ट यांनी या वर्गीकरणाला आव्हान दिले. दक्षिण चीन व उत्तर व्हिएतनाममधील काही अल्पसंख्य भाषा थाईच्या दूरच्या आप्त आहेत. त्यांनी आपले मूळचे, अ-चिनी आकडे जपले होते आणि त्या आकड्यांचे साम्य इंडोनेशियाकडच्या भाषांशी दिसत होते. इंडोनेशियाकडील भाषांशी असलेल्या नात्याचे स्वरूप काय, यावर पुढे बराच वाद झाला. पण थाई ही चिनीची भगिनी नव्हे, हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. म्हणजे आकड्यांनी वंश सांगितला नव्हता. शेजार सांगितला होता.

मग संस्कृत-पाली कोठे आहे? ती बाजारात नाही, दरबारात आणि विद्यापीठात आहे. थाई लिपीतील चार स्वरचिन्हांची नावे 'एक, थो, त्री, चत्तवा' अशी आहेत. सैन्यात 'फोन एक' हा 'फोन थो'हून वरिष्ठ असतो. यातील 'फोन' म्हणजे आपले 'बल'. पदव्यांतही 'त्री' म्हणजे स्नातक, 'थो' म्हणजे पदव्युत्तर आणि 'एक' म्हणजे डॉक्टरेट. भाजी मोजताना चिनी वळणाचे आकडे आणि माणसांचा दर्जा मोजताना भारतीय, अशी ही विभागणी आहे.

शून्याला थाईत 'सून' म्हणतात. हा शब्द 'शून्य'वरूनच आला. अंकांची थाई चिन्हे मात्र ख्मेर लिपीच्या वाटेने आली. कंबोडियातील सांबोर येथील शिलालेखात शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३, हे वर्ष कोरताना शून्यासाठी बिंदू वापरला आहे. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील ८७६ सालच्या सुप्रसिद्ध शून्याहून तो सुमारे दोन शतकांनी जुना आहे. स्थानमूल्याची कल्पना भारतातून गेली असली, तरी तिचा हा जुना पुरावा जपला तो ख्मेर दगडाने. 'बृहत्तर भारता'चा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही गुंतागुंत लक्षात घेतलेली बरी.

उसनवारी म्हणजे दारिद्र्य, असे आपण सहज गृहीत धरतो. परंतु उसन्या आकड्यांवर उभी असलेली थाई गणना विलक्षण सुबोध आहे : त्रेपन्न म्हणजे 'हा सिप साम', पाच दहा तीन. मराठीचे आकडे अस्सल वारशाचे; पण प्राकृतातून झिजत आल्यामुळे त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर यांतला प्रत्येक जवळजवळ स्वतंत्रपणे पाठ करावा लागतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक'सारखी वाचनपद्धती आली, तेव्हा महाराष्ट्रात वादळ उठले. मंगला नारळीकर यांनी मुलांच्या सोयीचा मुद्दा मांडला, तर विरोधकांना भाषेचे रूप बिघडण्याची चिंता होती. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न वेगळा. वारसा आणि सोय या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदत नाहीत, एवढे मात्र थाईचे पहिले दहा शब्द शिकतानाही उमगते.