देवसुद्धा वर जातो

शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात जुन्या पुरांना सन नसायचा. आबा सांगायचे ते असं : मारुतीच्या पाराला पाणी लागलं तो पूर, थोरल्या आत्तीच्या लग्नाच्या साली आला तो पूर, कोयना धरण व्हायच्या आधीचा पूर. आमच्या एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला पंचगंगा आणि दोघींची गाठ नरसोबाच्या वाडीला. कृष्णा फुगली की पंचगंगेच्या पाण्याला पुढं वाट मिळत नाही, ते मागं तुंबतं. म्हणून इथला पूर एकदम अंगावर येत नाही. बोटाबोटानं चढतो आणि चढला की कित्येक दिवस हलत नाही. जुन्या माणसांचं पुराबद्दलचं सगळं शहाणपण या संथपणावर उभं होतं.

पाणी मळीतनं वर सरकलं की आबा कडेला तुरकाटी रोवायचे. तासाभरानं जाऊन बघायचे. बुडाली असली तर जरा वर दुसरी. रात्री कंदील घेऊन तेच. "पाणी बघत बसायचं न्हाई, मापायचं," असं त्यांचं म्हणणं. दोन काट्यांमधल्या अंतरावरून ठरायचं, जनावरं आत्ता हलवायची की उजाडल्यावर. जनावरं मात्र सगळ्यात आधी. गाभण म्हैस पहिली, मग दुभती, मग बैल. आणि काही कारणानं एखादं मागं ठेवावंच लागलं तर त्याचं दावं सोडायचं. मोकळं जनावर पोहून कुठंतरी काठाला लागतं, बांधलेलं दावणीलाच मरतं. हे सांगताना आबांचा आवाज बदलायचा; कुणाचं तरी दावणीला मेलेलं त्यांनी पाहिलं असणार.

घरातलं खातं आज्जीचं. ती आधी पाणी भरायची. पोराटोरांना याचं नवल वाटायचं. पण आड बुडाला की पुढं कितीतरी दिवस ते पाणी तोंडात घेता येत नाही, हे तिला पक्कं माहीत. घागरी, कळश्या, हंडे भरून माळ्यावर. मग शेण्या, काड्यापेटी डब्यात घालून, गूळ, शेंगदाणे, चटणी आणि दोन दिवस टिकतील अशा भाकरी. ज्वारीची पोती वर, जमिनीच्या कागदांची पत्र्याची पेटी तुळईला बांधून. पेव असलेल्यांचे हाल जास्त. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं हळद सुखरूप राहायची. २००५ च्या महापुरानं त्या पेवांत पाणी शिरलं आणि हळद भिजून गेली.

नाव मिळाली नाही तर गुऱ्हाळाची काहिल. गूळ करायची ती भली मोठी लोखंडी कढई पाण्यावर तरंगते, पण गरगर फिरते आणि एक माणूस उभं राहिलं तरी कलंडते. म्हणून बुडाला टेकून बसायचं, लेकुरवाळी मधोमध, जडशीळ माणसं समोरासमोर, आणि सांगितलं तेवढीच माणसं. आज्जीच्या आईनं "पुढच्या खेपेला येते" म्हणून काठावरच्या भिंतीवर बसून वाट पाहिली होती. ही गोष्ट आज्जी फार अभिमानानं सांगायची. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली, कितीतरी जीव गेले. त्या दिवशी मला ती भिंत आठवली.

घर सोडायला मात्र कुणाचं मन घेत नाही. चोरीची भीती असते, चुलीचा मोह असतो. अशा वेळी आबा वाडीचा दाखला द्यायचे. तिथं पाणी देवळात शिरून पादुकांवरनं वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला माणसं लांबून येतात. पण पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती उचलून वर नेतात. "देव वर जातोय, आन तू कशाला अडून बसतोस?" या एका वाक्यानं आबांनी किती घरं वेळेवर रिकामी केली असतील!

२००५ नं एक वेगळाच घोटाळा करून ठेवला. तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५४ फुटांच्या घरात गेलं. गावोगाव भिंतींवर रेघा उमटल्या आणि त्या रेघा लोकांच्या मनात हद्दीसारख्या बसल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये काका हेच म्हणत राहिले, "२००५ ला उंबऱ्याला लागलं न्हवतं, आता कुठलं येतंय?" त्या वेळी आयर्विनपाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता, आणि काका माळ्यावर. मला वाटतं, वडीलधाऱ्यांच्या गोष्टींतलं खरं मोलाचं आहे ते काटी रोवणं. खुणेला शेवटचं पाणी समजणं त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं. आबा आधीच्या पुराच्या खुणेवर हात-दीड हात सोडून मगच पोती रचायचे.

पाणी उतरताना आज्जीची खरी घाई सुरू व्हायची. घरातलं पाणी घोट्याएवढं राहिलं की त्याच पाण्यानं गाळ हलवून खराट्यानं बाहेर लोटायचा. वाळू दिला तर तो फरशीला असा धरतो की कुदळीशिवाय निघत नाही. आत पाऊल टाकण्याआधी काठीनं दार, तुळया, फडताळ बडवायचं, कारण साप-विंचूही आसऱ्याला वर चढलेले असतात. आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींखाली लगेच झोपायचं नाही. पुरात उभी राहिलेली भिंत ऊन पडल्यावर, वाळताना ढासळते. आज्जीच्या माहेरी असंच झालं होतं.

विजेबद्दल आज्जीकडं गोष्ट नव्हती, कारण तिच्या वेळी वीज नव्हती. ती भर वहिनीनं घातली. पाणी अंगणात यायच्या आत मेन स्विच बंद. गॅसची टाकी बंद करून, नळी काढून वर, कारण ती तरंगते आणि आदळत फिरते. परतल्यावर वायरमननं तपासल्याशिवाय बटण दाबायचं नाही, भिजलेला फ्रिज लावून बघायचा नाही. पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही आणि आरोग्यसेविका लेप्टोच्या गोळ्या देईल त्या घ्यायच्या. पाणी उकळून, आडात ब्लीचिंग.

२०१९ नंतर वहिनीनं विजेचा बोर्ड वरच्या मजल्यावर घेतला. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर्षभर एकाच खिळ्याला टांगलेले असतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. तिचा हिशेब ३९ ला सुरू होतो : त्या दिवशी जनावरं जयसिंगपूरला पाहुण्यांकडं, दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि पोरं. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला तेव्हा काकांनी कुरकुर केली. वहिनी म्हणाली, "मामंजी, वाडीची मूर्ती कालच वर गेली." काका चपला शोधायला लागले.